खानदेशाचे रहाटगाडगे

जळगाव-धुळ्याकडे अस्थिर दिवसांच्या गोष्टी निघाल्या, की ‘असे पूर्वी कधी नव्हते’ हे उद्गार आपल्या कानी पडतातच. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

1377 मध्ये उत्तर आफ्रिकेतील इब्न खल्दून ह्याने राज्ये उदयास येतात, सुखावतात आणि ढासळतात, असा सिद्धांत मांडला. पाचच वर्षांनी, 1382 मध्ये, मलिक राजाने थाळनेर येथे फारुकी सत्तेचा पाया घातला. 1601 मध्ये ह्या घराण्याचा असीरगड अकबराच्या हाती गेला. त्या स्वारीत जेझुइट धर्मगुरू जेरोम झेवियर बादशहाच्या छावणीत होते. पुढे मोगल गेले, मराठे आले. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी हा प्रांत लुटला आणि पाठोपाठ 1803 चा दुष्काळ आला. 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती आली ती अनेक ओसाड गावेच.

पुढे बाजाराचे चाक फिरू लागले. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढील हंगामात त्याच आशेने अनेकांनी तो घरात साठविला आणि भाव उतरत गेले.

फौजा असोत की दूरचे बाजार, खरे कारण डोळ्यांआड असते. म्हणून अस्वस्थ माणूस दोषी शोधू लागतो आणि त्याला शेजारीच सापडतो. 2008 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये दंगलीने होरपळलेले धुळे आम्हांला ह्याची आठवण देते.

मग हा फेरा अटळ समजावा काय? योसेफाने मिसर देशात सुबत्तेच्या सात वर्षांतच कोठारे भरली, हे आपण जाणतो. पण दाखला घरचाही आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शतकानुशतके फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली. बहुतेकांची शेती निरनिराळ्या फडांत थोडीथोडी. पाणी कमी पडले, की कोणता फड भिजवायचा हे सर्वांनी मिळून ठरवायचे. त्यामुळे तोटाही वाटला जाई.

थाळनेरची गादी गेली, असीरगड पडला; शेतकऱ्यांनी आपसांत वाटून घेतलेले पाणी मात्र अनेक राजवटींपलीकडे वाहत राहिले. अवर्षण त्यांना टाळता आले नाही. परंतु त्याचा भार एकट्या घरावर पडू न देणे त्यांच्या हाती होते. तेवढे आपल्याही हाती आहे.