आठ वर्षांच्या मुलाच्या म्हाताऱ्या रक्तवाहिन्या

लोकलमध्ये इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी, हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेला फापटपसारा थोडा काढलाय. सगळा नाही.

सुरुवात एका पीडीएफपासून. ऑफर दिसली म्हणून मी 'फुल बॉडी चेकअप' करून घेतलं होतं. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, आणि बरंच खाली एक ओळ लाल अक्षरांत : होमोसिस्टीन ३१. शेजारी लिहिलेली मर्यादा ५ ते १५. गूगल केलं, तर पहिल्याच पानावर 'स्ट्रोक'. माझं वय तेव्हा २९. आईला काही बोललो नाही. आजोबांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली, तेव्हा सहा वर्षं तिनंच त्यांना भरवलं होतं. तिला ही पीडीएफ कशी दाखवणार?

पण आजोबा ७४ वर्षांचे होते. पक्षाघात म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग एकोणतिसाव्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये हा शब्द आला कुठून? त्यासाठी १९३३ साली बॉस्टनला जावं लागतं.

तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा दाखल झाला आणि थोड्याच दिवसांत गेला. कारण : स्ट्रोक. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूला रक्त नेणाऱ्या त्याच्या मानेतल्या रक्तवाहिन्या आतून जाड आणि कडक झाल्या होत्या. अगदी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या असाव्यात तशा. हे इतकं विचित्र होतं की डॉक्टरांनी ती केस एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उत्तर कुणाकडेच नव्हतं. कागद फाइलमध्ये गेले, काचेच्या स्लाइड्स कपाटात.

गंमत म्हणजे या कोड्याचं उत्तर असलेला पदार्थ एकच वर्ष आधी, १९३२ साली, अमेरिकेतच एका प्रयोगशाळेत सापडला होता. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो आणि त्यांचे सहकारी मेथिओनीन या अमिनो आम्लावर तीव्र आम्लाचा प्रयोग करत होते. त्यातून जे निघालं ते सिस्टीनसारखंच होतं, फक्त कार्बनचा एक अणू जास्त. नाव पडलं होमोसिस्टीन. द्यु व्हिन्यो यांना पुढे १९५५ चं नोबेलही मिळालं. पण हा पदार्थ माणसाच्या रक्तात काही उद्योग करत असेल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

थोडं विज्ञान घेऊ, पळू नका. डाळ, दूध, अंडी, मटण, कशातूनही प्रथिनं पोटात गेली की मेथिओनीन मिळतं. शरीर त्यातला एक छोटा तुकडा वापरतं आणि मागे होमोसिस्टीन उरतं. त्याची विल्हेवाट दोन रस्त्यांनी लागते. एक म्हणजे फोलेट आणि बी-१२ च्या मदतीनं त्याचं पुन्हा मेथिओनीन करायचं. दुसरा म्हणजे बी-६ च्या मदतीनं त्याचं सिस्टीन करून टाकायचं. दोन्ही रस्ते नीट चालू असले तर रक्तात ते अगदी थोडं राहतं. एखादा तुंबला की साचायला लागतं.

हा रस्ता जन्मतःच बंद असलेली मुलं १९६२ साली सापडली. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला नीना कार्सन आणि डेसमंड नील मतिमंद मुलांच्या लघवीच्या तपासण्या करत होते, तिथे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्येही. आजाराला नाव मिळालं होमोसिस्टिन्युरिया. या मुलांच्या डोळ्यांतली भिंगं जागेवरून सरकलेली असायची आणि रक्तात कोवळ्या वयातच गुठळ्या व्हायच्या.

आता किल्मर मक्कली यांची एंट्री. १९६८ साली हार्वर्डच्या या तरुण पॅथॉलॉजिस्टनं एका बैठकीत नऊ वर्षांच्या एका मुलीची केस ऐकली. तिला होमोसिस्टिन्युरिया होता. बोलता बोलता निघालं की तिचा मामा लहानपणीच अशाच कशानं तरी गेला होता, १९३० च्या दशकात, याच हॉस्पिटलमध्ये. तोच तो आठ वर्षांचा मुलगा! मक्कलींनी पस्तीस वर्षांपूर्वीच्या जुन्या स्लाइड्स शोधून काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या होत्या, पण ज्याला सगळे दोष देत होते ती चरबी, ते कोलेस्टेरॉल तिथे साचलेलं नव्हतं.

आता एका केसवरून काय ठरतं? शिवाय त्या मुलीच्या आजारात होमोसिस्टीनबरोबर मेथिओनीनही वाढतं. मग गुन्हेगार कोण? मक्कलींना आठवलं ते दोन महिन्यांचं एक बाळ. त्याचा दोष निराळ्याच ठिकाणी होता. त्याच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त होतं, पण मेथिओनीन कमी. आणि त्याच्याही रक्तवाहिन्या तशाच खराब झालेल्या. दोन्ही ठिकाणी हजर असलेला संशयित एकच. डिटेक्टिव्ह गोष्टीत शोभेल असा हा युक्तिवाद मला तरी फार आवडतो. १९६९ मध्ये त्यांनी तो छापला आणि पुढचं पाऊल टाकलं : जन्मजात दोष नसलेल्या, तुमच्या-आमच्यासारख्या माणसांतही थोडंसं वाढलेलं होमोसिस्टीन वर्षानुवर्षं हेच काम सावकाश करत असेल तर?

काळ कोलेस्टेरॉलचा होता. पैसा, संशोधन, औषधं, सगळं तिकडे. मक्कलींचं अनुदान आटलं, त्यांची प्रयोगशाळा तळघरात हलवली गेली, आणि १९७९ च्या सुमारास हार्वर्ड सुटलं. दोन वर्षं नोकरी नाही. शेवटी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला, माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये काम मिळालं.

मग नव्वदीत चित्र पालटलं. रक्तातलं होमोसिस्टीन मोजणं सोपं झालं आणि अभ्यासांची रांग लागली. १९९३ साली फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीतून ६७ ते ९६ वयाच्या १,१६० लोकांचे आकडे आले. जवळजवळ २९ टक्के लोकांत होमोसिस्टीन वाढलेलं होतं, आणि वयाबरोबर ते चढत जात होतं. मक्कली बरोबर होते, असा गाजावाजा झाला.

पण इथेच खरी गुंतागुंत आहे. होमोसिस्टीन वयाबरोबर वाढतं. स्ट्रोकचा धोकाही वयाबरोबर वाढतो. मग एकामुळे दुसरं होतं, की दोघंही फक्त म्हातारपणाचे सोबती आहेत? वयानुसार मूत्रपिंडं मंदावतात, पोटात बी-१२ नीट शोषलं जात नाही, बायकांमध्ये पाळी थांबल्यावर आकडा वर सरकतो. म्हणजे सत्तरीतल्या माणसाचा आकडा त्याच्या मूत्रपिंडांबद्दलही काहीतरी सांगत असतो. त्यात तपासणी केव्हा केली हाही प्रश्न. स्वीडनमधल्या डॉक्टरांना १९९५ साली दिसलं की झटक्यानंतर लगेच मोजलेला आकडा कमी येतो आणि बरं होण्याच्या काळात तो चढतो.

सोक्षमोक्ष लावायचा तर आकडा खाली आणून बघायला हवं. गोळ्या स्वस्त : फोलिक अॅसिड, बी-१२, बी-६. स्ट्रोक होऊन गेलेल्या ३,६८० जणांवरचा मोठा प्रयोग २००४ मध्ये जाहीर झाला. आकडा उतरला, पण पुन्हा येणारे झटके काही कमी झाले नाहीत. २०१० मध्ये २० देशांतल्या ८,१६४ रुग्णांवरच्या प्रयोगातही ठोस फायदा दिसला नाही. वर गेलेली लाट धपकन खाली आली.

दोन प्रयोग फसले म्हणून फाइल बंद करायची का? मला नाही वाटत. अमेरिकेत १९९८ पासून पिठातच फोलिक अॅसिड घालणं सक्तीचं होतं. ते केलं होतं बाळांच्या पाठीच्या कण्याचे जन्मदोष टाळायला, पण त्यामुळे सगळ्यांचंच होमोसिस्टीन आधीच उतरलं होतं. भरलेल्या पेल्यात आणखी किती ओतणार? शिवाय साठी-सत्तरीत, एक झटका येऊन गेल्यावर, चाळीस वर्षांचं नुकसान गोळीनं कसं पुसणार? मग चीनमधून २०१५ साली वेगळं उत्तर आलं. तिथे पिठात फोलिक अॅसिड नव्हतं. रक्तदाब असलेले पण स्ट्रोक कधीही न झालेले २०,७०२ लोक घेतले. निम्म्यांना रक्तदाबाची गोळी, निम्म्यांना तीच गोळी अधिक फोलिक अॅसिड. साडेचार वर्षांत पहिला स्ट्रोक ३.४ टक्क्यांऐवजी २.७ टक्के लोकांना झाला. हजारात सात माणसं वाचली. चमत्कार नव्हे, पण त्या सात घरांना विचारा. आणि हो, रक्तदाबाची गोळी दोन्हीकडे होतीच, ती बंद करून कुणी पालक खात बसलं नव्हतं.

पालकावरून आठवलं, हे फोलेट आपल्या मुंबईचं थोडंसं आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर इथे आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पंडुरोग त्यांना समजून घ्यायचा होता. यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त खाद्यपदार्थानं या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यात जे काही होतं त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे ते पालकातून वेगळं काढलं आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून फोलिक अॅसिड झालं.

दुसरा धागा पुण्याचा. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ साली पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे निष्कर्ष छापले. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण आणखी मोठं. म्हणजे अमेरिकेत जे सत्तरीत दिसलं, ते आपल्याकडे मधल्या वयातच. कारण बहुतेक ताटातच आहे : बी-१२ दूध, अंडी, मासे, मटणातून मिळतं, भाजी-भाकरीतून नाही.

किल्मर मक्कली २०२५ मध्ये वारले, वय ९१. तो आठ वर्षांचा मुलगा ज्या वर्षी गेला, त्याच वर्षी त्यांचा जन्म झाला होता.

माझं म्हणाल तर पीडीएफ घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्ट्रोकबद्दल काही बोलायच्या आधी रक्तदाब मोजला, सिगरेटचं विचारलं, मग बी-१२ तपासायला सांगितलं. ते अर्थातच कमी निघालं. तीन महिन्यांनी होमोसिस्टीन १३ वर आलं, तेव्हा कुठे आईला सांगितलं. ती आधी चिडली. मग म्हणाली, माझीही तपासणी करून आण. तिचं बी-१२ माझ्याहून कमी निघालं.