बहारीनला जाणाऱ्याचे कागद



आपल्या ओळखीच्या एखाद्या घरांतील मुलगा किंवा मुलगी आखातांतील नोकरीवर जावयास निघाली, कीं घरांत पहिली धांदल उडते ती कपड्यांची नव्हे, कागदांची. पासपोर्टाची मुदत पुरेशी आहे ना, पदवीच्या प्रमाणपत्रावर सरकारी शिक्के झाले का, करारांत पगाराचा आंकडा ठरल्याप्रमाणेंच आहे ना, वैद्यकीय तपासणी केव्हां, अशा प्रश्नांनीं दिवाणखाना भरून जातो. हे कागद कंटाळवाणे खरे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांत मोठी गंमत वाटते. कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येक कागदाला एकेक पूर्वज आहे, आणि त्या पूर्वजांपैकीं कित्येकांचें गोत्र थेट मुंबईशीं जुळतें. सबंध आखाताची कथा सांगत बसलों तर माझी मिनिटें पुरणार नाहींत. म्हणून बहारीन या एकाच देशाची वाट आपण धरूं. हा देश क्षेत्रफळानें बृहन्मुंबईहून थोडासाच मोठा. लोकवस्ती सुमारें पंधरा लाख, आणि तींत निम्म्याहून अधिक माणसें परदेशांतून आलेलीं. त्यांत आपले भारतीयच तीन लाखांच्या वर आहेत.

तेथें परका माणूस येणें ही कालपरवांची गोष्ट नाहीं. चार हजार वर्षांपूर्वीं या बेटाला दिलमुन म्हणत. सिंधु संस्कृतीच्या शहरांत जीं चौकोनी दगडी वजनें सांपडतात, त्याच मापाचीं वजनें बहारीनच्या किल्ल्याखालील उत्खननांत निघालीं आहेत. म्हणजे त्या काळीं परदेशीं जाणाऱ्या व्यापाऱ्यानें दाखवावयाचा दाखला कागदाचा नव्हता, दगडाचा होता. माझें वजन आणि तुझें वजन एक, एवढें सिद्ध झालें कीं त्याला बाजारांत बसावयास जागा मिळत असावी. हा माझा तर्क. वजनें मात्र खरीं.

मधलीं शतकें ओलांडून आपण १८६१ सालावर येऊं. त्या वर्षीं बहारीनचा शेख व इंग्रज यांच्यांत जो तह झाला, त्यानें ब्रिटिश प्रजाजनांना तेथें राहण्याची व व्यापार करण्याची मोकळीक मिळाली. त्यांच्या मालावर शेंकडा पांच जकात ठरली, आणि त्यांचे तंटे तोडण्याचा अधिकार इंग्रजांच्या वकिलाकडे गेला. ब्रिटिश प्रजाजन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गोरा साहेब उभा राहतो. परंतु बहारीनच्या बाजारांत हे प्रजाजन मुख्यतः सिंध, कच्छ व काठेवाडकडील वाणी आणि भाटिये होते. मनामा शहरांतील श्रीनाथजीचें देऊळ १८१७ सालचें म्हणून सांगतात. तेव्हां ही वस्ती तहाच्याहि आधींची. आखाताचा सारा इंग्रजी कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखालीं होता. बुशहरच्या रेसिडेंटाला हुकूम जावयाचे ते मुंबईहून.

त्या काळीं मुंबईहून बहारीनला जावयाचें तर काय करावें लागे? पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता. आखातांत टपालाच्या आगबोटी १८६२ सालीं सुरू झाल्या. त्या प्रथम सुमारें सहा आठवड्यांनीं एकदां व पुढें दर आठवड्यास सुटूं लागल्या. त्यांपैकीं एकीवर डेकचें तिकीट काढावें, वळकटी व शिधा बरोबर घ्यावा, आणि कराची, मस्कत करीत जावें. या आगबोटींवरील खलाशांत आपल्या रत्नागिरीकडचे मुसलमान दर्यावर्दी पुष्कळ असत. बहारीनपाशीं समुद्र इतका उथळ कीं बोट किनाऱ्यापासून फार दूर नांगर टाकी. पुढें पडावांतून, आणि ओहोटी असली तर शेवटचा टप्पा गाढवावर बसून पाण्यांतून, असें किनाऱ्यास लागावें लागे. बहारीनचीं पांढरीं गाढवें सर्व आखातांत नांवाजलेलीं होतीं. परदेशगमनाच्या स्वप्नांत मात्र तीं कोणी धरलेलीं नसत!

उतरल्यावर उपयोगीं पडे ती खिशांतील एकच चिठ्ठी: मुंबईच्या अमक्या पेढीची तेथील तमक्या पेढीस लिहिलेली. तीवर राहावयास जागा, उधारी आणि ओळख मिळे. बाकी बाबतींत परकेपणा थोडाच वाटे. १८८४ सालापासून मनाम्यांत हिंदुस्थानच्या टपाल खात्याचें पोस्ट होतें व त्यावर आपल्याकडचींच तिकिटें चालत. नाणें म्हणजे आपला रुपया. आणि १९१३ सालीं काढलेली राजाज्ञा १९१९ मध्यें अंमलांत आली, तेव्हांपासून फौजदारी कायदाहि हिंदुस्थानचाच. नव्या मुलखांत गेलेल्या माणसाला नाणें, तिकीट व कायदा हीं तिन्ही घरचीं मिळावीं, हें सोयीचें खरें. परंतु ती सोय कोणाच्या सत्तेच्या सावलींतील होती आणि तेथल्या रहिवाशांना ती कशी भासत असेल, याचाहि विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

परक्यानें बहारीनला कसें जावें याचा एक चमत्कारिक मासला १९२५ सालचा आहे. लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत त्या वर्षीं एक लहानशी जाहिरात आली: पूर्वेकडील एका संस्थानांत नोकरीसाठीं सुशिक्षित तरुण हवा. चार्ल्स बेलग्रेव्ह नांवाच्या गृहस्थानें अर्ज केला, त्याची निवड झाली, आणि १९२६ च्या मार्चअखेर तो पत्नीसह बहारीनला उतरला. जाहिरात वाचून गेलेला हा मनुष्य शेखाचा सल्लागार म्हणून १९५७ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षें, तेथील सारा कारभार पाहत होता.

आतां मी ज्या कागदासाठीं हें भाषण करावयास बसलों, त्याच्याकडे वळतों. त्यासाठीं मोत्यांच्या गलबतावर चढलें पाहिजे. तेल निघण्यापूर्वीं बहारीन जगत होतें तें मोत्यांवर, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ होती मुंबई. उन्हाळ्यांतील सुमारें चार महिने पाणबुडे समुद्रावर असत. हंगामापूर्वीं घरखर्चासाठीं त्यांना नाखव्याकडून उचल मिळे. तिला सलफ म्हणत. हंगामाअखेर मोतीं विकलीं जात, हिशेब होई, आणि बहुधा पाणबुड्याकडेच बाकी निघे. हिशेब नाखव्याच्या वहींत, आणि पाणबुड्याला अक्षरओळख नाहीं! अशा माणसाला दुसऱ्या नाखव्याकडे जावेंसें वाटलें तर पहिल्याकडून एक चिठ्ठी आणावी लागे. तिला बरवा म्हणत. याच्याकडे माझें इतकें येणें आहे, किंवा कांहीं येणें नाहीं, एवढाच तींतील मजकूर. पण ती नसेल तर दुसरा नाखवा त्याला गलबतावर घेत नसे. पोहणारा माणूस समुद्राच्या तळाशीं मोकळा, आणि किनाऱ्यावर एका चिठ्ठीनें बांधलेला!

१९२३-२४ च्या सुमारास इंग्रज अधिकाऱ्यांनीं या व्यवहारांत सुधारणा हातीं घेतली. प्रत्येक पाणबुड्याला त्याच्या स्वतःच्या हिशेबाची वही मिळावी, आणि उचलीवर सरकारनें मर्यादा घालावी, असे नियम झाले. आपल्याला वाटेल कीं पाणबुडे आनंदले असतील. तसें झालें नाहीं. उचल कमी म्हणजे आजच्या चुलींत लांकूड कमी. वही हातीं आली तरी ती भूक भागवीत नाहीं. त्यांतच जपानी कृत्रिम मोत्यांनीं व जागतिक मंदीनें बाजार बसला, आणि १९३२ च्या मे महिन्यांत उचलीच्या प्रश्नावरून पाणबुड्यांचा दंगा झाला. नंतर थोड्याच दिवसांत, मे संपून जून लागतां लागतां, बेटाच्या मध्यभागीं जबल दुखान टेकडीपाशीं तेल लागलें. एक धंदा मरत असतांना दुसरा जन्मास यावा, आणि दोहोंमध्यें आठवडाहि पुरता नसावा, असे योग इतिहासांत क्वचितच सांपडतात.

तेल कंपनीला कारकून, टंकलेखक, सुतार, वीजतंत्री हवे होते. ते पुष्कळसे हिंदुस्थानांतून आणले गेले. आतां नुसती पेढीची चिठ्ठी चालेनाशी झाली. मालकानें अमक्या माणसाला आणावयाचें आहे असें कळवावयाचें, त्याच्या वर्तनाची व परत पाठवणीची जबाबदारी घ्यावयाची, मग पोलिटिकल एजंटाच्या कचेरीनें हरकत नसल्याचा दाखला द्यावयाचा, आणि त्यावर व्हिसा. समुद्रावर नाखवा आपल्या माणसांना जबाबदार, हीच रीत जमिनीवर प्रत्येक परदेशी नोकराला लागूं झाली, असें अलीकडील इतिहासकारांनीं जुन्या दप्तरांवरून दाखविलें आहे. पुढें जगभर जिला 'कफाला' म्हणून ओळखतात, त्या हमीदारीच्या पद्धतीचें एक मूळ येथें आहे. ती केवळ वाळवंटांतील जुनी चाल, हा समज अपुरा आहे. वसाहती कचेरीची शाईहि तींत मिसळलेली आहे. उलट बाजूहि सांगितली पाहिजे. आपल्या बेटावरील जागा परक्यांनीं भराव्या याचा सल स्थानिक तरुणांना होता, आणि १९३८ च्या चळवळींत तो उघड बोलला गेला.

१९४७ नंतर आपल्या देशाचा आखातांतील अधिकार संपला, पण खुणा सावकाश पुसल्या गेल्या. १९४८ पासून बहारीनच्या पोस्टांत इंग्लंडच्या राजाचीं तिकिटें आलीं. त्यांवर किंमत मात्र आण्यांत छापलेली! सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळें १९५९ सालीं भारत सरकारनें आखातासाठीं निराळा रुपया काढला, आणि १९६५ मध्यें बहारीननें दहा रुपयांस एक या दरानें स्वतःचा दिनार चालू केला. आगबोटींचा मार्ग चालूच होता. १९६१ च्या एप्रिलांत मुंबई व आखात यांच्या दरम्यान जाणारी 'दारा' ही बोट दुबईजवळ स्फोट होऊन जळाली व २३८ माणसें गेलीं. तरीहि या वाटेवरील शेवटची उतारू बोट 'द्वारका' १९८२ पर्यंत फिरत राहिली.

१९७१ सालीं १५ ऑगस्टलाच बहारीन स्वतंत्र झालें. १९७३ मध्यें तेलाचे भाव चौपट चढले, आणि भरतीचा मोठा बाजार मुंबईंत भरूं लागला. गल्लोगल्लीं दलाल झाले. आमच्या परिचयाच्या एका सुतारानें बायकोच्या पाटल्या मोडून अशा एका दलालास पैसे भरले; तिकडे गेल्यावर काम निराळें, पगार निम्मा, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटांत. तो दोन वर्षांनीं परतला तेव्हां फारसें बोलत नसे. अशा हजारों तक्रारींनंतर १९८३ सालीं नवा स्थलांतर कायदा झाला. भरती करणाऱ्यास परवाना आवश्यक ठरला, आणि कमी शिकलेल्यांना जाण्यापूर्वीं सरकारी मंजुरी घ्यावी लागूं लागली.

बहारीननें २००६ सालीं कामगार परवान्यांसाठीं निराळें प्राधिकरण नेमलें, आणि २००९ मध्यें मालकाच्या संमतीवांचून नोकरी बदलण्याची मुभा दिली. २०११ सालीं तिला एक वर्ष नोकरी झाल्याची अट लागली. बरवा एकदम फाटला नाहीं, असें म्हणावयाचें.

म्हणून आज निघणाऱ्यास मी चार गोष्टी अवश्य सांगेन. दलालाचा परवाना स्वतः तपासावा. करार आपल्याला समजणाऱ्या भाषेंत वाचून मगच सही करावी व त्याची एक प्रत घरीं ठेवावी. भेटीच्या व्हिसावर जाऊन मग नोकरी पाहूं, या बोलण्यास भुलूं नये. 'फ्री व्हिसा' म्हणून जें विकलें जातें, तें फुकटहि नसतें व मोकळेंहि नसतें; नांवाला एक मालक, काम दुसऱ्याकडे, आणि पकडला गेल्यास दोघेहि हात वर करणारे. तेथें पोहोंचल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे व ओळखपत्र हे सोपस्कार होतात. त्या ओळखपत्राच्या क्रमांकावांचून बँकेंत खातें नाहीं, घराचा भाडेकरार नाहीं, दवाखान्यांत नोंद नाहीं. तेव्हां तें आधीं हातीं घ्यावें. पासपोर्ट मालकानें अडकवून ठेवणें तेथील कायद्यासहि मान्य नाहीं. तो मागून घ्यावा, आणि न दिल्यास प्राधिकरणाकडे किंवा आपल्या वकिलातीकडे जावें.

हें सारें मार्गीं लागल्यावर पहिल्या शुक्रवारीं, सुटीच्या दिवशीं, मुहर्रकला जावें. विमानतळ त्याच बेटावर आहे, म्हणजे आलेल्या वाटेनेंच मागें फिरावयाचें. तेथें मोत्यांच्या धंद्यांतील जुनीं घरें एका पायवाटेनें जोडून जतन केलीं आहेत. २०१२ सालीं तीं जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं. व्यापाऱ्याचा वाडा प्रशस्त आहे, नाखव्याचें घर बेताचें आहे, आणि पाणबुड्याचें घर पाहावयास दारांतून वाकून आंत जावें लागतें.