शाहिराची जुनी तबकडी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पारोळ्यास एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. रात्री जेवणे आटोपल्यावर गावातील चारपाच रसिक मंडळी जमली, चावीचा जुना ग्रामोफोन ओसरीवर आला, आणि शाहीर साबळे यांच्या आरंभीच्या तबकड्या एकामागून एक वाजू लागल्या. पहिल्याच खणखणीत आवाजासरशी एक वृद्ध गृहस्थ उद्गारले, "अहो, हा तर आमच्या शेजारचा पोर!"

हा उद्गार केवळ प्रेमाचा नव्हे; त्यास इतिहासाचा आधार आहे. कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म 1923 साली वाईजवळील पसरणी येथे झाला. परंतु त्यांच्या विद्यार्थिदशेचा महत्त्वाचा काळ पारोळ्याच्या शेजारच्या अमळनेरास आजोळी गेला. सातवीपर्यंतचे शिक्षण त्यांनी तेथेच घेतले, आणि साने गुरुजींचा सहवास त्यांस तेथेच लाभला. पुढे पसरणीच्या देवळात अस्पृश्य मानलेल्या बांधवांचा प्रवेश घडविताना त्यांनी गुरुजींसच पाचारण केले. गळा त्यांस पसरणीने दिला असेल. पण त्या गळ्याचे काय करावयाचे, ही जाणीव अमळनेरची, असे आम्हांस वाटते.

आज बहुतेकांस साबळे ठाऊक असतात ते एकाच गीतामुळे. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळे यांचा आवाज असलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023 साली राज्यगीत झाले. त्या कीर्तीच्या प्रकाशात आरंभीच्या तबकड्या झाकल्या गेल्या, ही त्या मंडळींची खंत होती.

मग वाद निघाला. एक तरुण वकील म्हणाले, "खरे साबळे या तबकड्यांतच आहेत." वृद्ध गृहस्थांनी मान हलविली. मिनिटास 78 फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजते. पोवाडा रंगतो तो तासन्‌तास: शाहिराने चौक म्हणावा, झीलकऱ्यांनी 'जी जी' ओढावी, मध्येच गाणे थांबवून कथा गद्यात सांगावी, आणि समोरचे श्रोते पाहून ती वाढवावी. 'आंधळं दळतंय' सारखे मुक्तनाट्य तर तबकडीत मावणे शक्यच नव्हते. आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. तबकडी हा अस्सल कागद खरा, पण फाटका. जे उरले त्यावरून जे गेले त्याचा अंदाज घेणे, हेच इतिहासाचे काम होय.

फाटक्या कागदांचे मोल खानदेशास नव्याने शिकवावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यास निवर्तले, आणि त्यांचे दप्तर जपण्यासाठी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. घरोघरीच्या रुमालांतून त्यांनी जे सोडविले, ते आज तबकड्यांच्या बाबतीत करावयाचे आहे. मुंबईस 1990 साली तबकडी-संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली. तथापि ज्या तबकड्या खेड्यापाड्यांतील फडताळांत पडून आहेत, त्यांपर्यंत शेजारीच पोहोचू शकतो. लाखेची ही वस्तू हातून निसटली की संपली.

हे बोलणे चालू असता आमच्या यजमानांच्या मांडीवर एक तबकडी होती. ती त्यांनी वाजविली नाही आणि कोणाच्या हाती दिलीही नाही. वडिलांनी घेतलेली ती वस्तू सुईने झिजेल, या भीतीने वीस वर्षांत तिचा आवाज त्यांनी स्वतःही ऐकला नव्हता. आम्ही म्हणालो, "रावसाहेब, न वाजलेली तबकडी आणि फुटलेली तबकडी यांत ऐकणाराला काय फरक?" ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी नवी सुई मागितली. वकिलांनी आवाज टिपून घेण्याचे यंत्र सज्ज केले, आणि वृद्ध गृहस्थांनी तबकडीचा क्रमांक, कंपनी आणि ती घरात कशी आली हा वृत्तांत वहीत उतरवून घेतला. मग तीन मिनिटे ओसरीवर कोणी हालले नाही.