म्हाइंभटांची पायपीट

ज्याला येतं तो लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याला बहुतेकदा नुकतंच यायला लागलेलं असतं. प्रोग्रॅमिंगमध्ये हे फार जाणवतं. कुठल्याही भाषेचे 'पहिले धडे' ढिगाने मिळतात. पण अमुक एक फंक्शन तारखा मोजताना कुठे फसतं, अमुक लायब्ररी दहा माणसांसाठी झकास चालते आणि दहा हजार झाली की का बसते, हे ज्याला ठाऊक असतं तो ते सांगतो कधी? तर चहाच्या टपरीवर. नाहीतर नोकरी सोडताना, नोटीस पिरियडच्या शेवटच्या दोन दिवसांत, घाईघाईत.

म्हणून एखाद्या भाषेचा सगळ्यांनी मिळून संदर्भग्रंथ करायचं ठरलं, की पहिलं काम असतं आवाहन. 'अनुभवी मंडळींनी कृपया लिहावं.' आणि त्यानंतर पसरते ती शांतता! यात अनुभवी मंडळींचा माज नसतो. एक तर त्यांना वेळ नसतो. दुसरं म्हणजे, जे हाताला वळण पडलंय ते सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटतच नाही. आजीला विचारा, भाकरीच्या पिठात पाणी किती? ती म्हणणार, 'बसेल तेवढं.' आजी काही लपवत नसते. तिला खरंच तेवढंच माहीत असतं, बाकीचं हाताला माहीत असतं.

हा पेच कम्प्युटरवाल्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेलं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल पाहा. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केलेलं. प्रत्येक कमांडची छोटी स्वतंत्र नोंद, आणि नोंदीत दोन मजेदार रकाने. एक 'बग्ज', म्हणजे ही गोष्ट कुठे दगा देते ते करणाऱ्यानेच सांगायचं. दुसरा 'ओनर', म्हणजे ही नोंद कुणाच्या नावावर. दोष कबूल, आणि नाव खाली. चांगल्या संदर्भग्रंथाला आणखी काय लागतं?

लागतं. एक माणूस लागतो, जो दारोदार जाऊन विचारेल. आणि तो माणूस आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी होऊन गेला.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. सराळे म्हणजे तेव्हाचा गोदाकाठ, आताचा अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) जिल्हा. मोठे विद्वान, शास्त्रार्थात मुरलेले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांची आणि त्यांची भेट डोमेग्रामला झाली. म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं आजचं कमालपूर. चर्चा झाली आणि पंडितांची विद्वत्ता निमाली. पण स्वामींचा सहवास त्यांना मिळाला तो थोडाच. पुढे स्वामी निघून गेले आणि शिष्यमंडळी वऱ्हाडात रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी जमली. तिथे प्रमुख होते नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास. ते स्वामींच्या आठवणी मनातल्या मनात घोळवत बसायचे.

म्हाइंभटांच्या लक्षात आलं की हे सगळं या माणसाच्या डोक्यात आहे, आणि डोकं काही कायमचं राहत नाही. त्यांनी ते लिहून घ्यायची परवानगी मागितली. साधारण १२७८ च्या सुमाराचा हा काळ मानतात. त्यातून जे झालं ते 'लीळाचरित्र', मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ.

आता बघा त्यांनी हे केलं कसं. भटोबासांकडून ऐकून ग्रंथ पुरा करता आला असता. पण स्वामी ज्या प्रसंगी ज्याच्यासोबत होते, तो प्रसंग त्यालाच नीट माहीत. म्हणून म्हाइंभट एकेकाकडे गेले. ज्याने पाहिलं त्याला विचारलं, जे मिळालं ते भटोबासांपुढे ठेवून तपासून घेतलं. पंडितांनाच विचारलं असंही नाही. महदाइसेसारख्या स्त्रिया त्यात होत्या. महदाइसा तर स्वतःच स्वामींना प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. तिला आपण मराठीतली पहिली कवयित्री म्हणून ओळखतो, पण या कामात तिची ओळख वेगळी आहे, ती म्हणजे खात्रीची माहिती असलेली जाणकार.

आणि नोंदीचा घाट कसा? एक लीळा म्हणजे एक प्रसंग. कुठे, कोण होतं, कोण काय म्हणालं, स्वामी काय म्हणाले. बहुतेक नोंदी थोडक्यात, काही तर चार-सहा ओळींच्या. अशा शेकडो. साध्या बोलीत. याच जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. तिथे एका प्रतिभेचा अखंड प्रवाह आहे, सच्चिदानंदबाबा लेखक. लीळाचरित्र त्याच्या अगदी उलट. ते अनेकांच्या स्मरणाचं संकलन. दोन्ही आपलेच, पण आपण पूजा पहिल्या पद्धतीची करतो आणि दुसरीचं कसब विसरतो.

म्हाइंभटांनी सरसकट 'कृपया लिहावं' असं आवाहन केलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'तुमचा अनुभव लिहा' म्हटलं की अनुभवी माणूस गप्प होतो. 'त्या दिवशी तुम्ही तिथे होतात, काय झालं?' म्हटलं की तो बोलायला लागतो. आजच्या भाषेत सांगायचं तर सीनियर माणसाला 'मेमरी मॅनेजमेंटवर प्रकरण लिहून द्या' म्हणू नये. 'मागच्या दिवाळीत सर्व्हर पडला होता तो का पडला?' एवढंच विचारावं. आणि लिहायचं काम आपण करावं.

दुसरी गोष्ट भाषेची. केशिराजबास संस्कृतचे पंडित. त्यांनी लीळाचरित्रातून स्वामींची वचनं वेचून 'सूत्रपाठ' तयार केला. हजार प्रसंग चाळत बसायला नको, नेमकं वचन हाताशी. क्विक रेफरन्सच म्हणा ना! पण तेच केशिराज संस्कृतात लिहू लागले तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबवलं. त्यांचं कारण असं होतं की यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. ग्रंथ कुणासाठी आहे, हे इतक्या थेटपणे सांगणारा संपादक आजही विरळाच.

संगमनेर-कोपरगावहून इंजिनिअरिंगला आलेलं एखादं पोर प्रोग्रॅमिंग इंग्रजीतून शिकतं, ठीक आहे, जगाची रीत आहे. पण 'हे असं का होतं?' हा प्रश्न त्याच्या मनात मराठीत उमटतो. आणि त्याचं उत्तर ज्यांना माहीत आहे असे मराठी प्रोग्रॅमर पुण्यात आहेत, बंगळुरात आहेत, कॅलिफोर्नियात आहेत. आपसात बोलताना ते मराठीतच समजावून देतात. लिहायची वेळ आली की मात्र तेही 'अस्मात् कस्मात्' करायला लागतात.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, दिल्लीच्या फौजांच्या धाडींच्या काळात, लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली असं परंपरा सांगते. एकाच माणसाने एकट्याने लिहिलेला ग्रंथ असता तर तिथेच संपलं असतं. पण हा अनेकांकडून गोळा झाला होता आणि अनेकांनी घोकला होता. म्हणून तो पुन्हा उभा राहिला. हिराइसेच्या नावाचा पाठ आला, इतरांचे आले. साहजिकच फरक पडले. त्या मंडळींनी ते फरक पुसून एक गुळगुळीत प्रत केली नाही. पोथ्यांमध्ये 'अमक्याची वासना' म्हणून वेगळा पाठ नोंदवलेला दिसतो. 'वासना' म्हणजे इथे पाठभेद. कुणाची आठवण काय, ती कुणाची, सगळं जपलेलं. एका वाक्याच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवायला जो प्रामाणिकपणा लागतो, तो युनिक्सवाल्यांच्या 'बग्ज' रकान्याचाच भाऊ आहे.

आणि तिसरा भाग मात्र चटका लावणारा. पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहायला सुरुवात केली. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, मध्येच वेगळ्या खुणा. ग्रंथ सुखरूप राहिले, पण पंथाबाहेरच्या मराठी माणसाला सहाएकशे वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा अभ्यासकांमुळे हे भांडार उघडलं. १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापायला घेतलं, आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती आली. म्हणजे मराठी गद्य कसं लिहावं याचा उत्तम नमुना घरात असून आपण कित्येक शतकं तो वाचलाच नाही. पंथाची भीती खोटी नव्हती. पण कुलूप लावलं की ते चोरासाठी लावलेलं असलं तरी घरच्यांनाही लागतं.

कंपनीच्या आत साठलेलं ज्ञान हे अशाच सकळ लिपीत असतं. पासवर्डमागे, करारामागे, आणि बहुतेक वेळा नुसतं डोक्यात. पंचवीस-तीस वर्षं कोड लिहिलेली पहिली मोठी मराठी पिढी आता निवृत्तीला टेकली आहे. जुन्या बँकांच्या प्रणाली कुठल्या ओळीवर तोलून उभ्या आहेत ते त्यांना माहीत आहे. आता प्रश्नांची उत्तरं यंत्रंही देतात म्हणे, मग लिहायचं कशाला? पण यंत्रही कुणीतरी लिहून ठेवलेलंच वाचून शहाणं होतं. टपरीवर बोललेलं त्याला ऐकू येत नाही.

तेव्हा अनुभवी मंडळींना विनंती करायची तर कराच. पण उत्तराची वाट बघत बसू नका. वही घ्या आणि त्यांच्याकडे जा. एकच प्रसंग विचारा. जसं सांगितलं तसं, त्यांच्याच बोलीत लिहा. खाली त्यांचं नाव घाला. दुसऱ्याने वेगळं सांगितलं तर तेही लिहा. आणि लिहिलेलं उघड्यावर ठेवा.

सराळ्याच्या पंडिताने शास्त्रार्थ सोडून हे काम केलं. वाद जिंकून मिळालं नसतं एवढं त्यातून मराठीला मिळालं.

असो.