मणी, दोरा आणि तार

दागिना घेताना आपण सोन्याचा भाव विचारतो, मोत्याचे पाणी पाहतो. मणी कशात ओवले आहेत, हे मात्र तो तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. मी गेली काही वर्षे घरी मणी गाठवते, म्हणून माझे लक्ष आधी तिकडेच जाते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वाचून, विचारून जे कळले ते भगिनींपुढे ठेवते.

प्रवरेकाठचे नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक. तेथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकळिया यांनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. एरवी दोरा केव्हाच कुजून जायचा, पण तांब्याच्या गंजाने तो मण्यांत टिकवून धरला. तपासणीत तो रेशीम आणि कापूस यांचा ठरला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला असाच दोरा मिळाला, तो जवसाच्या धाग्याचा. हे वाचले त्या दिवशी माझ्या हातून काम होईना. आपल्या गेलेल्या लेकराच्या गळ्यात ती माळ आईनेच घातली असेल, असे मला वाटते.

पुढे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात पैठणचा उल्लेख येतो. तेथून मौल्यवान खडे गाड्यांनी भडोचला जात. खड्यांची नोंद झाली. दोऱ्याची कोण करणार!

आपल्या आजीच्या तोंडी ‘बसरा मोती’ असे. ते इराणच्या आखातातले. मुंबई ही त्यांची मोठी पेठ होती. तेथे मोती निवडत, विंधत आणि रेशमात ओवून जुड्या बांधत. जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवून दाखवला. पुढे असे मोती बाजारात आले, त्यातच १९२९ ची मंदी आली, आणि आखातातला धंदा बसला. पाणबुड्यांचे हाल झाले. आमच्यासारख्यांच्या गळ्यात मात्र मोती आले. दोन्ही गोष्टी खऱ्या.

गाठवणे हे मूळ पटवेकऱ्यांचे काम. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून दोन मोत्यांमध्ये गाठ मारायची. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तरी सगळी माळ विखुरत नाही. पण घामाने, तेलाने दोरा सडतो, म्हणून तार आली. तारेलाही गाठच असते, फक्त तिला वेढा म्हणायचे. मणी ओवून बारीक तोंडाच्या पक्कडीने टोकाला फास वळवायचा आणि उरलेली तार त्याच्या मानेभोवती दोनतीनदा घट्ट फिरवायची. मी २६ नंबरची तार वापरते. जाड तार मोत्याच्या वेजातून जात नाही. तार एकदा चुकीची वाकवून सरळ केली की कडक होते, पुन्हा वाकवली की तुटते. दोरा उसवता येतो. तार तेवढी क्षमा करीत नाही.

१९६३ च्या जानेवारीत सरकारने १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी केली, तेव्हा कितीतरी सोनार बेकार झाले. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये उठला. सासूबाई सांगतात, त्या बंदीच्या दिवसांत आमच्या घरी नवे काही झाले नाही. जुनी पोतच पुन्हा गाठवून लग्ने लागली.

आता आम्ही चौघीजणी हे काम करतो. मजुरी नगावर मिळते. एका व्यापाऱ्याने मागच्या दिवाळीत नथीचा दर उतरवला आणि वर म्हणाला, “बायका घरी बसून तर करतात, वेळ कुठे जातो त्यांचा?” तेव्हापासून आम्ही एक वही घातली आहे. प्रत्येक नगापुढे किती मोती, किती वेढे आणि किती तास लागले ते लिहितो. मोत्यांच्या नथीला माझे दीड तास जातात. पुढच्या खेपेला दर ठरवताना वही बरोबर नेणार आहोत.