फाइलीतलं एक नाव

मंडळी, इतिहासाच्या निवृत्त मास्तराने जावावर लिहावं, याची तुम्हाला गंमत वाटेल. पण कुठली नोंद कुठे ठेवायची, हा प्रश्न आमच्याच विषयातला!

२००८ मध्ये भाच्याने आमच्या गल्लीतल्या वाचनालयासाठी जावामध्ये एक वेब अ‍ॅप्लिकेशन करून दिलं. पुस्तकांची यादी, उशिराचा दंड, संपर्कासाठी नाव. गेल्या महिन्यात ते नाव बदलायचं ठरलं. भाचा परदेशी. फोनवर म्हणाला, "मामा, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. फक्त वेब डॉट एक्सएमएल ही फाइल उघडा."

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ मध्ये सर्व्हलेट आणले, तेव्हा सेटिंग लिहून ठेवायची प्रत्येक सर्व्हरची तऱ्हा निराळी होती. सर्व्हर बदलला की पुन्हा मांडामांड. १९९९ च्या सर्व्हलेट २.२ ने सगळ्यांसाठी ही एक फाइल ठरवून दिली. त्यात 'इनिट-पॅराम' एका सर्व्हलेटपुरतं, म्हणजे वर्गातला फळा. 'कॉन्टेक्स्ट-पॅराम' सगळ्या अ‍ॅप्लिकेशनसाठी, म्हणजे शाळेचा सूचनाफलक. प्रोग्रॅम 'गेटइनिटपॅरामीटर' म्हणून हजेरी घेतो आणि त्या नावापुढचा मजकूर उचलतो. नाव नसेल तर 'नल', म्हणजे गैरहजर.

जावाच्या जुन्या प्रॉपर्टीज फाइलीत मराठी सरळ लिहिता येत नसे. नुसत्या 'मराठी' या शब्दाला सहा-सहा चिन्हांच्या पाच खुणा लागत. २०१७ च्या जावा ९ ने भाषांतराच्या फाइलींपुरती ती अडचण दूर केली. एक्सएमएलमध्ये मात्र देवनागरी पहिल्यापासून चालते.

म्हणूनच फाइल उघडली आणि माझ्या पत्नीचं नाव स्वच्छ मराठीत समोर आलं. वाचनालय तीच सांभाळायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. एवढे दिवस अ‍ॅप्लिकेशन सुरू झालं की तिचंच नाव वाचत होतं, आणि आम्हा कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी बराच वेळ तसाच बसलो. मग नवं नाव लिहिलं, फाइल जतन केली, अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर नवं नाव आलं. बदलणाऱ्या गोष्टी प्रोग्रॅमच्या बाहेर ठेवायच्या, ही सोय किती शहाणपणाची ते तेव्हा पटलं.

जुनी ओळ मात्र पुसवेना. भाच्याला विचारलं. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "मामा, मामीची ओळ कॉमेंटमध्ये राहू द्या." कॉमेंट प्रोग्रॅम वाचत नाही. फाइल उघडणाऱ्या माणसाला ती दिसते.

असो. तुमच्याही जुन्या फाइली एकदा उघडून बघा.