उष्टावण

उष्टावण : तान्ह्या मुलास आईच्या दुधाखेरीज अन्य अन्न प्रथमच चारण्याचा विधी. मुलाचे तोंड अन्नाने पहिल्यांदा उष्टे होते, म्हणून यास उष्टावण म्हणतात. धर्मशास्त्रात याचे नाव अन्नप्राशन असे असून त्याची गणना सोळा संस्कारांत केली जाते. विधी एका दिवसात आटोपतो. परंतु मुलाने नवनवीन पदार्थांची चव ओळखणे व ते आवडीने खाऊ लागणे, ही पुढे दीड वर्षाहून अधिक काळ चालणारी क्रिया आहे. विधीचा एक दिवस व शिकण्याचे अनेक महिने यांची सांगड कशी घालावी, हा शिशुआहाराच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. गोंदियासारख्या भातप्रधान जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा विचार उद्बोधक ठरतो.

प्राचीन परंपरा : आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्या महिन्यात करावे असे सांगितले आहे. इच्छित फलानुसार बोकडाचे वा तित्तिर पक्ष्याचे मांस किंवा तूपभात द्यावा आणि दही, मध व तूप मिसळलेले अन्न चारावे, असे त्याचे विधान आहे. मनुस्मृतीतही सहावा महिनाच दिला असून कुलाचारानुसार त्यात बदल करण्याची मोकळीक ठेवली आहे. वैद्यक ग्रंथांची दृष्टी अधिक व्यावहारिक दिसते. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात लघू म्हणजे पचनास हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. बालरोगांवरील काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळे व धान्याचे अन्न दहाव्या महिन्यात, असा क्रम आढळतो. नवीन अन्न एकदम नव्हे, तर पायरीपायरीने द्यावे ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. या ग्रंथांतील सर्वच गोष्टी मात्र आज ग्राह्य नाहीत. मधात क्वचित आढळणाऱ्या जंतुबीजुकांमुळे लहान बालकांना बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध चाटवू नये, असे आधुनिक वैद्यक सांगते.

महाराष्ट्रातील रूढी : महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे मुलाचे उष्टावण सहाव्या वा आठव्या अशा सम महिन्यात आणि मुलीचे पाचव्या वा सातव्या अशा विषम महिन्यात करण्याची चाल आहे. मामाने भाच्याला वा भाचीला मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतील खीर भरवावी, हा या समारंभाचा मुख्य भाग होय. त्यानंतर मुलापुढे पुस्तक, लेखणी, दागिना, हत्यार इ. वस्तू मांडून ते कशाला हात लावते यावरून त्याच्या भावी उपजीविकेचे अनुमान करण्याची गमतीची प्रथाही काही कुटुंबांत आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केले जाणारे बोरन्हाण हा याच वयोगटाशी निगडित असा दुसरा विधी. त्यात मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे व हलवा ओततात आणि भोवतालची मुले ते वेचून खातात. हंगामातील नव्या फळांशी मुलांची ओळख यातून आपोआप होते. मात्र बोराची बी वा हरभरा श्वासमार्गात अडकण्याचा धोका असल्याने ते तान्ह्या मुलाच्या तोंडात जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते.

गोंदिया परिसर : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश झाडीपट्टीचा भाग असून भात हे येथील प्रमुख पीक आहे. गोंड राजवटीच्या काळात व त्यानंतर कोहळी समाजाने बांधलेले तलाव हे या भातशेतीचे अधिष्ठान. नवेगाव बांध हा त्यांपैकी विख्यात होय. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १६ टक्के आहे.

जेथे भात मुख्य अन्न, तेथे बाळाचे पहिले अन्नही साहजिकच भाताची पेज वा मऊ भात हेच असते. तांदूळ पचनास सोपा व सौम्य चवीचा असल्याने आरंभासाठी तो उत्तम. उणीव निर्माण होते ती पेजेवरच थांबल्याने. मुलाच्या जठराची धारणशक्ती दर किलोग्रॅम वजनामागे सु. ३० मिलि. एवढीच असते. आठ किलोग्रॅम वजनाच्या मुलाचे पोट पाऊण पेलाभर पातळ पेजेने भरते. परंतु तीतून मिळणारी ऊर्जा अल्प असते. शिवाय सहा महिन्यांच्या सुमारास जन्मतः शरीरात साठलेले लोह संपत येते आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळातून त्याची भरपाई होत नाही. पोट भरलेले, रडणे थांबलेले व तरीही वजन न वाढणारे मूल हे कुपोषणाचे फसवे रूप होय.

ही उणीव भरून काढणारे पदार्थ याच परिसरात उपलब्ध आहेत. तलावांत मासळी मिळते व शिंगाड्याचेही पीक घेतात. ढीवर समाजाचा तो परंपरागत व्यवसाय आहे. भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर जवस, हरभरा, लाखोळी ही पिके घेतली जातात. घोटलेले तुरीचे वा मुगाचे वरण, काटे काढून कुस्करलेली मासळी, अंडे, शिजवून मऊ केलेली पालेभाजी व चमचाभर तेल वा तूप यांनी साधा भात सकस बनतो. लाखोळीच्या डाळीबाबत मात्र सावधगिरी हवी. दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणावर ती खाल्ल्यास पायांना पांगळेपणा आणणारा कलायखंज हा विकार जडतो. दुष्काळात एकाच स्वस्त धान्यावर विसंबून राहण्याचा तो परिणाम असून अन्नातील विविधतेचे महत्त्व त्यावरून लक्षात येते.

पेज पातळ असूनही सकस करण्याची एक जुनी युक्ती मोड आणण्याची होय. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळल्यास धान्यात निर्माण झालेले अमायलेज हे एंझाइम पिठूळ भागाचे विघटन करते. त्यामुळे पीठ अधिक घालूनही लापशी घट्ट होत नाही आणि थोड्या घासांत जास्त पोषण मिळते.

नव्या चवीचा स्वीकार : नवजात बालकाला गोड चव जन्मतः आवडते व कडू नको असते. बाकीच्या आवडीनिवडी बव्हंशी सवयीने घडतात. आईने खाल्लेल्या पदार्थांचा स्वाद गर्भजलात व दुधात उतरतो आणि त्या पदार्थाची मुलाला आधीच ओळख होते, असे जूली मेनेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गाजराच्या रसावरील प्रयोगातून दाखविले. लीॲन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९८२ मधील प्रयोगांत, एखादा पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखावयास मिळेल तितकी त्याची आवड वाढते असे आढळले. त्यासाठी आठ-दहा किंवा त्याहून अधिक वेळा तो पुढे करावा लागतो. मुलाने पहिला घास जिभेने बाहेर ढकलणे म्हणजे नावड नव्हे. चमच्याने खाण्याची ती केवळ अनभ्यस्त प्रतिक्रिया असते. आया मात्र पुष्कळदा दोन-तीन प्रयत्नांनंतर तो पदार्थ सोडून देतात.

क्लॅरा डेव्हिस यांनी १९२८ मध्ये नुकतेच दूध सुटलेल्या बालकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक साधे, प्रक्रिया न केलेले पदार्थ समोर ठेवून निवड मुलांवर सोपविली असता त्यांची वाढ उत्तम झाली. समोर काय ठेवावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खावयाचे ते मुलाने, असे त्याचे सार आहे. जबरदस्तीने भरविल्यास अन्नाविषयी तिटकारा उत्पन्न होतो. म्हणून मुलाच्या भुकेच्या खुणा ओळखून, त्याच्याशी बोलत, सावकाश भरवावे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे.

शासकीय प्रयत्न : पहिले सहा महिने केवळ स्तनपान व त्यानंतर वयाच्या दोन वर्षांपर्यंत वा अधिक काळ स्तनपानासह पूरक आहार, ही शिफारस जागतिक आरोग्य सभेने २००१ मध्ये स्वीकारली. सहा ते आठ महिन्यांच्या मुलास पूरक अन्नातून रोज सु. २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलास ३०० व त्यापुढे दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सु. ५५० किलोकॅलरी मिळाव्यात, असा अंदाज आहे. भारतात डबाबंद शिशुअन्नाच्या जाहिरातींवर १९९२ च्या अधिनियमाने निर्बंध घालण्यात आले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली व अंगणवाडी हे तिचे केंद्र बनले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलास दररोज ५०० किलोकॅलरी व १२–१५ ग्रॅ. प्रथिने देणारा घरपोच आहार मिळण्याचा हक्क देण्यात आला. महाराष्ट्राने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन स्थापन केले. आदिवासी क्षेत्रांसाठी २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू होऊन पुढील वर्षी तीत सात महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंडी व केळी यांचा समावेश झाला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाडीत अन्नप्राशन दिन साजरा करण्याची पद्धत रूढ झाली. प्राचीन संस्काराला अशा रीतीने सार्वजनिक आरोग्याचे रूप मिळाले असून त्यास जातीचे वा कुळाचे बंधन नाही.

तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे देशातील प्रमाण २०१५–१६ मध्ये सु. १० टक्के व २०१९–२१ मध्ये सु. ११ टक्के एवढेच होते. यामागे दारिद्र्य आहेच. त्याबरोबर रोवणी-कापणीच्या हंगामात आईला दिवसभर शेतावर राबावे लागणे व मूल वृद्ध आजीकडे वा लहान भावंडांकडे राहणे, हेही कारण आहे. दिवसातून तीन-चार वेळा धीराने भरविण्यास माणूस व वेळ दोन्ही लागतात. २०१८ पासून आशा कार्यकर्त्या मुलाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी भेट देऊन आहाराविषयी मार्गदर्शन करतात. उष्टावणाच्या दिवशी सुरू झालेले शिक्षण पुढे चालू ठेवण्याच्या दृष्टीने या भेटी महत्त्वाच्या आहेत.